वसुलीसाठी दारात आलेला माणूस आणि घरातल्यांचे हक्क

कायदेविषयक प्रश्नांच्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत. कर्ज घेतले हे पत्रलेखकांपैकी कुणी नाकारत नाही आणि हप्ते थकले हेही सर्वांना मान्य आहे. परंतु वसुलीसाठी येणारी माणसे घरातल्या बायका-मुलांशी आणि म्हाताऱ्या आई-वडिलांशी ज्या भाषेत बोलतात, ते ऐकून घेणे आता शक्य होत नाही, असे ही पत्रे सांगतात. त्यांतील पाच पत्रे, ओळख पटेल असा तपशील वगळून, येथे घेतली आहेत.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. दारात येणारा प्रत्येक वसुलीवाला सारखा नसतो. न्यायालयाचा बेलिफ (म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणारा कर्मचारी), सहकारी संस्थेचा विशेष वसुली अधिकारी आणि बँकेने किंवा वित्तसंस्थेने नेमलेल्या एजन्सीचा माणूस हे तीन वेगवेगळे लोक आहेत. पहिल्या दोघांना कायद्याने मर्यादित अधिकार दिलेला असतो, तर तिसऱ्याला पैसे भरण्याची मागणी करण्यापलीकडे कोणताही अधिकार नसतो आणि घरातल्या वस्तूला तो हातही लावू शकत नाही. हा फरक लोकांना ठाऊक नसतो, आणि बरीचशी दांडगाई त्याच अज्ञानावर चालते.

प्रश्न : माझे पती घरीच शिवणकाम करतात. त्यांच्या आजारपणात एका वित्तसंस्थेचे कर्ज थकले. त्यावर दावा झाला आणि निकालही लागला, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. गेल्या महिन्यात दिवेलागण झाल्यानंतर न्यायालयाचा बेलिफ आणि त्याच्याबरोबर वित्तसंस्थेची दोन माणसे घरी आली. त्यांनी शिलाई मशीन, शेगडी, भांडी, गाद्या असे सगळे यादीत लिहून घेतले. त्या दोघांपैकी एकजण माझ्या मंगळसूत्राकडे बोट दाखवून “हे मोडा आणि पैसे द्या” असे मुलांसमोर म्हणाला. शेवटी घरात होते ते आठ हजार रुपये आम्ही दिले. त्याची पावती मिळाली नाही. “पुढच्या वेळी नवऱ्याला अटक करून नेऊ” असे सांगून ते गेले. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या विरुद्ध घडलेली आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. ही संहिता १९०८ची आहे, आणि जप्तीच्या वेळी घराची अब्रू राखली जावी याची काळजी तिने तेव्हापासून घेतलेली आहे. तिच्या कलम ६२ प्रमाणे जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणालाही राहत्या घरात शिरता येत नाही. दिवेलागणीनंतर झालेली ही कारवाई म्हणूनच मुळातच बेकायदेशीर ठरते. बेलिफ कोणत्या वेळी आला, हे पाहणारा शेजारी असेल तर त्याचे नाव आजच लिहून ठेवावे.

जप्तीच्या यादीविषयी बोलायचे, तर कलम ६० नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून दूर करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. मंगळसूत्र या शेवटच्या वर्गात मोडते, आणि त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या माणसाला ते दाखवण्याचाही अधिकार नव्हता. कारागिराची अवजारे याच कलमाने वगळलेली आहेत. आपले पती ज्या मशीनवर पोट भरतात ते शिलाई मशीन हे त्यांचे अवजार आहे, आणि न्यायालयात हा मुद्दा ठामपणे मांडता येतो. शेतकऱ्याच्या बाबतीत शेतीची अवजारे, पोटापाण्यासाठी लागणारी गुरे आणि बियाणे यांना असेच संरक्षण आहे. दूरचित्रवाणी संच, फ्रिज किंवा कपाट यांना मात्र ते मिळत नाही, आणि आपली दिशाभूल होऊ नये म्हणून हेही सांगणे भाग आहे.

बेलिफ पुन्हा आला तर त्याच्याकडे वॉरंट मागावे. त्यावर न्यायाधीशांची किंवा न्यायालयाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची सही, न्यायालयाचा शिक्का, दरखास्तीचा (निकालाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जाचा) क्रमांक, वसुलीची रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत ते बजावायचे ती तारीख असते. ती तारीख उलटून गेलेली असेल तर तसे त्याच्या निदर्शनास आणून द्यावे. पंचनामा पंचांसमोर होतो. त्यावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, आणि त्यात काही चूक असेल तर ती सहीशेजारी लिहावी. बेलिफ हा लोकसेवक असल्याने त्याच्या अंगावर जाणे किंवा त्याला धक्काबुक्की करणे टाळावे, कारण तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि मग खरी तक्रार बाजूला पडते. त्याच्याबरोबर येणारी वित्तसंस्थेची माणसे फार तर माल दाखवू शकतात. जप्ती करणे किंवा धमकी देणे हे त्यांचे काम नव्हे.

आठ हजार रुपयांची बाब मला सर्वांत जास्त खटकते. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची (डिक्रीची) रक्कम न्यायालयात जमा करता येते, किंवा बँकेमार्फत अथवा लेखी पुराव्यासह थेट डिक्रीधारकाला, म्हणजे ज्याच्या बाजूने निकाल लागला त्याला, देता येते. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम न्यायालयात नोंदवली गेली नाही, तर दरखास्त चालवणारे न्यायालय ती विचारातच घेत नाही, आणि तशी नोंद व्हावी म्हणून अर्ज करण्याची मुदत फक्त ३० दिवसांची आहे. म्हणून आपण लगेच दरखास्तीत अर्ज द्यावा, त्यात पैसे कोणाच्या हाती, कोणत्या दिवशी आणि कोणासमोर दिले ते लिहावे. यापुढचा प्रत्येक रुपया न्यायालयात पैसे स्वीकारणाऱ्या नाझर शाखेत भरून पावती घ्यावी. ही रक्कम बेलिफाने स्वतःसाठी मागितली असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते.

अटकेच्या धमकीला घाबरू नये. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक करण्यापूर्वी साधारणपणे कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, आणि ऋणको (कर्जदार) ऐपत असूनही पैसे बुडवतो आहे अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात स्पष्ट केले, की केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करताच येत नाही. कलम ५६ ने ती पूर्णपणे मना केली आहे. कर्जापायी कोठडीची ही भीती महाराष्ट्राला जुनी आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखते आणि हुकूमनामे जाळले, आणि त्यानंतर १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापोटी होणारी अटक बंद केली. त्या घटनेला दीडशे वर्षे होत आली, तरी तीच धमकी आपल्या दारात ऐकू यावी, याचे मनापासून वाईट वाटते.

राहिला मूळ निकालाचा प्रश्न. दाव्याचे समन्स आपल्या पतींना मिळालेच नसेल, तर एकतर्फी (आपली बाजू न ऐकता दिलेला) हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी, निकालाची माहिती झाल्यापासून ३० दिवसांच्या आत, त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. हे दिवस सुरू झालेले आहेत. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणून शक्य असेल तर आपल्या स्वतःच्या नावाने अर्ज करता येईल का, हे तेथे विचारून घ्यावे. प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

प्रश्न : आमच्या वस्तीतील दहा बायकांच्या गटाने एका मायक्रोफायनान्स कंपनीकडून कर्ज घेतले आहे. गटातील एकीचा मुलगा दवाखान्यात असल्याने तिचे दोन हप्ते चुकले. वसुलीचा मुलगा रात्री आठनंतर येऊन तिच्या ओट्यावर बसतो, “पैसे मिळाल्याशिवाय उठणार नाही” म्हणतो, आणि बैठकीच्या दिवशी ती पैसे आणेपर्यंत आम्हा बाकीच्यांना घरी जाऊ देत नाही. आम्हीच आता तिच्यावर चिडू लागलो आहोत. हे नियमात बसते का?

उत्तर : अजिबात बसत नाही, आणि आपण सर्वजणी तिच्यावर चिडू लागला आहात हे आपण प्रामाणिकपणे लिहिले, याचे मला महत्त्व वाटते, कारण वसुलीची ही पद्धत नेमकी त्या चिडीवरच उभी असते. कंपनीने करायचा तगादा शेजारणीकडून करवून घेतला, की कंपनीचे हात स्वच्छ राहतात आणि वस्तीतली माणसे एकमेकींपासून तुटतात.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये मायक्रोफायनान्स कर्जांसाठी स्वतंत्र निर्देश काढले. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण कर्जांना ते लागू आहेत. त्यांप्रमाणे वसुली दोघांच्या संमतीने ठरलेल्या ठिकाणीच करायची असते. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा त्या ठिकाणी आला नाही, तरच कर्मचाऱ्याने घरी किंवा कामाच्या जागी जावे, आणि सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर फोनसुद्धा करू नये, असा नियम आहे. शिवीगाळ, धमकी, सतत फोन, नातेवाइकांना व सहकाऱ्यांना त्रास देणे, कर्जदाराचे नाव जाहीर करणे आणि कर्ज न फेडल्यास काय होईल याविषयी खोटे सांगणे या सर्व गोष्टींना निर्देशांत मनाई आहे. बैठकीत बायकांना उठू न देणे हा तर भारतीय न्याय संहितेखालील अन्यायाने अटकाव करण्याचा गुन्हा आहे, मग तो कंपनीचा गणवेश घालून केलेला असो किंवा नसो.

या निर्देशांतील दोन गोष्टी फारशा कुणाला ठाऊक नसतात. हप्ते भरताना अडचणीत आलेल्या कर्जदारांना ओळखून त्यांच्याशी बोलण्याची आणि त्यांना उपलब्ध मार्ग सांगण्याची व्यवस्था कंपनीनेच ठेवायची आहे. त्यामुळे त्या ताईंनी दवाखान्याच्या कागदांसह हप्ते पुढे ढकलून मागण्याचा लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. दुसरे म्हणजे, एका कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असे कर्ज देण्यास मनाई आहे. त्या ताईंना यापेक्षा जास्त कर्ज दिले गेले असेल, तर चूक केवळ त्यांची नाही. उशिरा भरल्याबद्दलचा दंडही थकलेल्या रकमेवरच लावता येतो, संपूर्ण कर्जावर नाही.

तक्रार कुठे करायची, हे आपल्या कर्जाच्या कार्डावरच छापलेले असते. हे कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते, आणि त्यावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व क्रमांक असतो. तेथे दिलेल्या तक्रारीचे ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कोणतेही शुल्क न भरता तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. ही तक्रार दहाही जणींनी मिळून करावी. एकटीच्या तक्रारीवर कंपनी “हिने पैसे बुडवले” एवढेच उत्तर देते, पण नियमित हप्ते भरणाऱ्या नऊ जणींच्या सह्या असल्या की तिला तसे म्हणता येत नाही.

प्रश्न : माझ्या भावाने मोबाईल ॲपवरून छोटे कर्ज घेतले. आता त्याच्या फोनमधील सर्व नातेवाइकांना त्याचा फोटो आणि घाणेरडे मजकूर पाठवले जात आहेत. त्याने खाणेपिणे सोडले आहे.

उत्तर : सर्वांत आधी भावाला एकटे सोडू नका, आणि नातेवाइकांना आपणच फोन करून खरी परिस्थिती सांगा, धमकी देणाऱ्याचे सगळे बळ बदनामीच्या भीतीत असते आणि घरच्यांनीच बोलून टाकले की ते संपते. भाऊ जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर लगेच फोन करा. डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधील संपर्कयादी, फोटो किंवा कॉलची नोंद पाहण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच मनाई केली आहे. म्हणजे ही यादी त्यांच्याकडे असणे हाच नियमभंग आहे. संदेशांचे स्क्रीनशॉट घेऊन १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. धमकीपोटी आणखी पैसे मात्र पाठवू नका, कारण एकदा पैसे आले की मागणी वाढत जाते.

प्रश्न : वडील वर्षापूर्वी गेले. त्यांनी एका बँकेकडून वैयक्तिक कर्ज घेतले होते. त्यावर माझी किंवा आईची सही नाही. वसुली एजन्सीची माणसे “बापाचे कर्ज मुलाला फेडावेच लागते, पीएफचे पैसे आणून भरा” असे म्हणतात, आणि मी कामावर असताना आईला शेजाऱ्यांदेखत बोलतात.

उत्तर : वडिलांचे कर्ज मुलाने आपल्या कमाईतून फेडलेच पाहिजे, असा कायदा नाही. वारसाची जबाबदारी मृत व्यक्तीची जी मालमत्ता त्याच्या हाती आली असेल तेवढ्यापुरतीच असते. हिंदू कुटुंबात पूर्वी पित्याच्या कर्जासाठी पुत्राच्या धार्मिक कर्तव्याचा आधार घेतला जात असे. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांबाबत तोही आधार कायद्याने काढून टाकला आहे. भविष्य निर्वाह निधीची नामनिर्देशित व्यक्तीला मिळालेली रक्कम मृताच्या कर्जापोटी घेता येत नाही, आणि एजन्सीची माणसे ती मागत असतील तर ते आपल्या दुःखाचा गैरफायदा घेत आहेत. ज्या मुलाला वडिलांचे देणे स्वेच्छेने फेडायचे असेल, त्याने ते जरूर फेडावे. ते धाकाने वसूल करण्याचा हक्क मात्र कोणाला नाही.

एजंट पुन्हा आल्यास आईंनी दार न उघडताच ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे. ही दोन्ही जवळ बाळगणे रिझर्व्ह बँकेच्या २००८च्या सूचनांप्रमाणे त्याला बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२२ च्या सूचनांनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करणे, चारचौघांत अपमान करणे आणि घरच्यांच्या खासगी आयुष्यात शिरणे यांना मनाई केली आहे, आणि एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेवरच राहते. म्हणून तक्रार एजन्सीकडे न करता बँकेकडे करावी, सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडावी, आणि कर्जाला विमा होता का, हे लेखी विचारावे. अनेक वैयक्तिक कर्जांबरोबर विम्याचा हप्ता कापून घेतलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. तक्रार प्रलंबित असताना ते प्रकरण बँकेने वसुली एजन्सीकडे सोपवू नये, असेही त्या २००८च्या सूचनांत आहे. तक्रारीत याचा उल्लेख अवश्य करावा.

प्रश्न : मी मित्रासाठी पतसंस्थेत जामीनदार राहिलो. तो गाव सोडून गेला आहे. आता पतसंस्थेचा वसुली अधिकारी १०१चा दाखला दाखवून माझ्या घरातला माल उचलण्याची भाषा करतो. माझा काय गुन्हा?

उत्तर : गुन्हा काहीच नाही, पण जबाबदारी आहे, आणि ती ऐकायला कठोर वाटली तरी लपवता येणार नाही. करारात वेगळे काही नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि संस्थेने आधी मित्राचाच शोध घ्यावा असा आग्रह आपल्याला धरता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांनी दिलेला वसुलीचा दाखला खरा असेल, तर त्या अधिकाऱ्याला जप्तीचा अधिकार आहे.

त्या अधिकारालाही याच अधिनियमाखालील नियमांपैकी नियम १०७ ची चौकट आहे. आधी मागणीची नोटीस द्यावी लागते, जप्ती सूर्योदय ते सूर्यास्त याच वेळेत करावी लागते, आणि जप्त केलेला माल येणे रकमेच्या प्रमाणात असावा लागतो. वीस हजारांच्या बाकीसाठी घर रिकामे करता येत नाही. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली दोन महिन्यांच्या आत पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज करता येतो, परंतु त्यासाठी येणे रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. हातावर पोट असलेल्या माणसाला ही अट म्हणजे दार बंद केल्यासारखी आहे, आणि ती बदलली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर व्यवहार्य मार्ग असा, की संस्थेकडून कर्जखात्याचा संपूर्ण उतारा लेखी मागावा, मित्राच्या नावावर कोणती मालमत्ता, ठेव किंवा भागभांडवल आहे ते संस्थेला लेखी कळवावे, आणि आपल्याला झेपेल तेवढ्या हप्त्यांचा प्रस्ताव पोच घेऊन द्यावा.

अधिकारी शिवीगाळ करत असेल किंवा नियमाबाहेर वागत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, कारण पतसंस्था त्यांच्या कक्षेत येत नाहीत. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे आणि प्रत जिल्हा उपनिबंधकांकडे द्यावी. आपण जे काही भराल, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा. जामीनदार म्हणून भरलेली रक्कम मित्राकडून वसूल करण्याचा हक्क आपल्याला कायद्याने आहे, आणि त्यासाठीच्या दाव्याची मुदत आपण पैसे भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षे असते.